क्लॅरिनेटवाल्याची हिरडी

मी हिरडी बोलतेय. दात नव्हे, हिरडी. नीट ऐकून घ्या, कारण हा घोटाळा मला जन्मभर नडलाय. तोंडातून कुणी बोलायला लागलं की लोकांना वाटतं जीभ असेल, नाहीतर दात असतील. आमच्याकडे बघतंय कोण? कुणी दात विचकतो, कुणी दातओठ खातो, कुणी कुणावर दात धरतो, कुणाची दातखिळी बसते. सगळा मान दातांचा! आणि त्यांना गळ्याशी धरून उभं ठेवणारी मी, माझ्या नावाचा एक साधा वाक्प्रचार नाही तुमच्या भाषेत. असो. रडगाणं गायला मी आलेली नाही, भांडायला आलेय.

आधी पत्ता सांगते. वरचा ओठ उचलला की समोर जे दोन मोठे दात दिसतात, त्यांच्या मुळाशी मी राहते. माझा मालक क्लॅरिनेट वाजवतो, शहराच्या बँडमध्ये, बागेतल्या गोल चौथऱ्यावर, दर रविवारी संध्याकाळी. त्याचा श्वास लांब टिकतो म्हणून बँडमधले त्याला दमदार म्हणतात. मीही तेच म्हणणार. त्याला इतक्या जवळून ओळखणारी त्याच्या बायकोनंतर मीच, तेव्हा तेवढा हक्क मला आहे.

मी जन्मले तेव्हा तोंडात माझंच राज्य होतं. गुलाबी, गुळगुळीत अशी मी. दमदारची आई करंगळीला ओला मऊ कपडा गुंडाळून मला रोज पुसायची. मग एक दिवस आतून टोचायला लागलं. दात! माझ्याच अंगातून मला फाडून वर आले, आणि घरभर आनंदीआनंद. "दात आला, दात आला!" इकडे मी सुजलेय, ठणकतेय, त्याचं कुणाला काही नाही. आईला होतं, खोटं कशाला बोलू? ती बोट गार पाण्यात बुडवून मला चोळायची आणि म्हणायची, "दुखतंय ना रे माझ्या सोन्या?" सोन्या तो होता, पण बोट माझ्यावर असायचं, म्हणून ते मी आपलं माझंच समजायचे.

दुधाचे दात पडले. त्यांच्या जखमा मीच भरल्या. मग हे मोठे दोघे आले, आणि त्यांच्या मानेभोवती मी कॉलरसारखी घट्ट बसले. माझं काम तसं सोपं आहे. दात आणि मी यांच्यामध्ये एक बारीक चीर असते. त्या चिरेतून आत कुणाला घुसू द्यायचं नाही. आत हाड आहे, हाडात दाताचं मूळ आहे, आणि दाराशी पहारा माझा. दार सांभाळायला मला काय लागतं? सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने कडेकडेने साफ केलं, दातांच्या मधल्या फटी साफ केल्या, की झालं. एवढंच मागते मी जन्मभर. तेवढंही मिळालं नाही.

त्याला कारण मामा.

मामा म्हणजे दमदारच्या आईचा थोरला भाऊ. त्याच बँडमध्ये पहिला क्लॅरिनेटवाला. भरदार छाती, गोड हात, आणि जीभ अशी की समोरचा गप्पच व्हावा. त्यानेच दमदारला शिकवलं. पाठ ताठ ठेव, श्वास पोटातून घे, वरचे दात माउथपीसवर टेकव, खालचा ओठ दुमडून पत्तीखाली धर. पत्ती म्हणजे वेताची ती पातळ पट्टी, जी थरथरली की सूर निघतो. इथवर मामाचं सगळं सोळा आणे खरं होतं. पण पुढे त्याने बोट वर करून सांगितलं, "आणि एक लक्षात ठेव, लेका. वाजवायच्या आधी दात घासायचे नाहीत. पेस्टचा फेस ओठाला राहतो. ओठ सरकतो, आणि ओठ सरकला की सूर घसरलाच म्हणून समज."

झालं! ब्रह्मवाक्य! फुंकून वाजवणारे सगळेच तिथे हे मानत होते. तालीम सकाळी, म्हणून सकाळी ब्रश नाही. कार्यक्रम नाहीतर रियाज संध्याकाळी, म्हणून संध्याकाळी ब्रश नाही. रात्री वाजवून दमलं की "उद्या बघू". आणि उद्या पुन्हा तालीम. कधीतरी सुटीच्या दिवशी आठवण झाली की दमदार ब्रश असा खसाखसा चालवायचा, जणू बूट पुसतोय. तोही फक्त दातांवर, समोरून दिसतात तेवढ्याच. मी वर आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

पुढे मामाचे दात गेले. आधी पुढचे हलले, मग पडले, मग बाकीचे काढावे लागले. कवळी आली. कवळीवर क्लॅरिनेट काही धरेना. बँडमास्तर माणूस भला, त्याने मामाला घरी बसवलं नाही, हातात झांजा दिल्या. ज्या माणसाचा सूर ऐकायला लोक उठून पुढे यायचे, तो मागच्या रांगेत उभा राहून वेळ आली की झांज आपटायला लागला. आणि कुणी विचारलं की सांगायचा, "क्लॅरिनेटवाल्याचे दात जायचेच. वाद्य घेतं ते. आमच्या नशिबी लिहिलेलंच आहे." सगळा बँड मान डोलवायचा. दमदारही डोलवायचा.

मला तिथेच संताप आला. अरे, क्लॅरिनेट काय घेणार? निर्जीव लाकूड ते! मामाची हिरडी वर्षानुवर्षं ओरडत होती, तिचं कुणी ऐकलं नाही, म्हणून दात गेले. आणि आरोप कुणावर? लाकडावर! नशिबावर! मी तेव्हाच मनाशी ठरवलं, या तोंडात हे होऊ देणार नाही. होऊ देणार नाही म्हणजे नाही.

पण ठरवून काय होतंय? दाताच्या कडेला आधी एक चिकट पांढरट थर बसतो. बोटाने खरवडला तरी निघेल इतका मऊ. त्यात जंतूंचं गावच वसलेलं असतं. तो तसाच राहू दिला की कडक होतो, पिवळा, मग तपकिरी. कीटण म्हणतात त्याला. कीटण एकदा बसलं की ब्रशच्या बापाला हटत नाही. आणि ते माझ्या कडेखाली सरकत सरकत आत जातं. मी लाल झाले, फुगले. ब्रश लागला की रक्त यायला लागलं.

रक्त म्हणजे काय, ते तरी समजून घ्या. मला तोंड नाही, मी तोंडात आहे. मी हाक मारणार कशी? रक्त हीच माझी हाक. "अरे बाबा, इथे बघ, इथे घाण साचलीय, साफ कर," असं मी सांगत होते. त्या वेळी ऐकलं असतं तर पंधरवड्यात मी पुन्हा गुलाबी झाले असते. दमदारने काय करावं? ब्रशवर गुलाबी फेस बघितला, चेहरा वाकडा केला, आणि म्हणाला, "इथे लागतंय. इथे ब्रश नको लावायला." संपलं! जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथलंच पाणी तोडलं.

वर आणखी एक शहाणपणा. तालमीत पत्तीवर लालसर डाग दिसायला लागला. त्याला वाटलं पत्तीची कड धारदार आहे, ओठ कापतेय. बसला बारीक पॉलिशपेपर घेऊन पत्ती घासत! इतक्या निगुतीने, इतक्या हलक्या हाताने ती पत्ती घासली त्याने, की मला रडू की हसू कळेना. त्यातली निम्मी निगा माझ्या वाट्याला आली असती तर ही गोष्टच झाली नसती.

मग सिगारेट. तालमीच्या मधल्या सुटीत बँडवाले मागच्या जिन्यावर जमायचे आणि धूर काढायचे. धूर फार लबाड. तो माझं रक्तच आटवतो. मी आतून सडत होते आणि बाहेरून रक्त यायचं कमी झालं. दमदार खूश! "बघ, आपोआप बरं झालं," म्हणाला बायकोला. बायको काहीच बोलली नाही. तिने फक्त त्याच्या कोटाच्या खिशात पुदिन्याच्या गोळ्या ठेवल्या.

ती का बोलली नाही, हे मला ठाऊक होतं. मीच तर कारण होते. माझ्या कडेखालची ती चीर खिशासारखी खोल होत गेली, तिच्यात पू साचायला लागला, आणि त्याचा वास. तो वास स्वतःला येत नाही, हीच तर त्यातली गंमत. समोरच्याला येतो. ती बिचारी भिंतीकडे तोंड करून झोपायची. जेवताना त्याच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडे बसायची. आणि दमदारला वाटायचं, हिचं मन उडालं आपल्यावरून. एकदा म्हणालाही, "तुला माझा कंटाळा आलाय का गं?" ती म्हणाली, "काहीतरीच काय बोलता!" आणि उठून भांडी आवरायला गेली. मला वाटलं, बाई, सांग! एकदाचं सांग! पण नवऱ्याच्या तोंडाला वास येतो हे त्याच्या तोंडावर सांगणं सोपं नसतं.

आत हाड झिजत होतं. धरायला हाडच उरलं नाही तर मी तरी दात कशाच्या बळावर आवळू? समोरच्या दोघांमध्ये फट पडली, आणि माउथपीस टेकवला की डावा दात हलकेच वर दबायला लागला. आणि एका सकाळी, तालमीत, सूर फुटला.

तो कसला सूर होता, ते सांगते. वर्षअखेरीला बागेतला मोठा कार्यक्रम होता. त्यात क्लॅरिनेटचा एक संथ तुकडा. बाकी बँड गप्प, एकटं क्लॅरिनेट, आणि शेवटी एक उंच लांबलचक सूर. तो सूर दमदारसाठीच केलेला म्हणा ना. त्या सकाळी तो सूर लागला, थरथरला, आणि कीं करून किंचाळला. सगळे हसले. दमदारही हसला. "पत्ती खराब आहे," म्हणाला.

मग पत्त्यांचा धडाका सुरू झाला. जाड पत्ती, पातळ पत्ती, भिजवलेली, सुकवलेली. मग माउथपीस बदलला. मग माउथपीसवर रबराचा तुकडा चिकटवला. सगळं करून झालं. तोंड उघडून आरशात मात्र बघितलं नाही. सूर किंचाळतच राहिला, आणि आता कुणी हसत नव्हतं.

बँडमास्तरने एक दिवस त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, मला तुझा सूर हवाय. पण असा नको. महिनाभर थांबतो. नाहीतर तो तुकडा सॅक्सोफोनला देईन."

"आणि मी?"

बँडमास्तर इकडेतिकडे बघत म्हणाला, "मामाच्या शेजारी तो लोखंडी ट्रँगल वाजवायला माणूस लागतोच."

दमदारचं तोंड कोरडं पडलं. मला ते लगेच कळलं. क्लॅरिनेट गेलं तर या माणसात उरतंय काय? त्याला दुसरं काहीच येत नाही हो. साधा खिळा ठोकला तरी वाकडा बसतो.

तो तडक मामाकडे गेला. मामाने त्याचा ओठ वर उचलला, दात अंगठ्याने हलवून बघितला, आणि सुस्कारा सोडला. "आली तुझी वेळ. आता उगाच जीव अडकवू नकोस. पुढचे चारही काढून टाक. दुखणं नाही, खुपणं नाही. मी काढलेच ना? मरत नाही माणूस."

"पण मग वाजवायचं कसं, मामा?"

"नाही वाजवायचं," मामा म्हणाला. 

आणि दमदार निघाला दात काढायला! मी आत सुजून टम्म झाले होते, रागाने आणि पुवाने. काढा, काढा! आजारी मी, आणि फाशी दातांना! वा रे न्याय!

दातांच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मेवाल्या, बोलायला फटकळ. दमदार खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाला, "मॅडम, पुढचे चार काढून टाका."

"आधी बघू तरी द्या," त्या म्हणाल्या. ओठ वर केला, उजेड टाकला, आणि एक बारीक खुणा केलेली सळई हळूच माझ्या कडेखाली घातली. ती खोल खोल गेली. मला दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. कुणीतरी पहिल्यांदा माझी विचारपूस करत होतं! त्यांनी एक्स-रे काढला, पडद्यावर दाखवला.

"दात काढायला आलात तुम्ही? दात धडधाकट आहेत. एकही किडलेला नाही. आजारी आहे ती हिरडी."

अहो, माझा तर ऊर भरून आला. माझं नाव! या खोलीत, मोठ्याने, एका शिकलेल्या बाईने घेतलेलं माझं नाव!

"हे हाड बघा," त्या पुढे म्हणाल्या. "इथपर्यंत असायला हवं, इथपर्यंत उतरलंय. गेलेलं हाड परत आणीन असं मी म्हणणार नाही. पण उरलेलं राखता येईल, तुम्ही मन लावून साथ दिलीत तर. ब्रश कधी करता?"

दमदारने मामाचा नियम सांगितला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फेसाने ओठ सरकतो तर चूळ भरा, ओठ पुसा. त्यासाठी दात घासायचेच नाहीत? आणि सिगारेट आजपासून बंद. ती ओढायची असेल तर माझा आणि तुमचा दोघांचाही वेळ वाया."

पहिल्या दिवशी त्यांनी वरवरचं कीटण काढलं. पाण्याची धार, बारीक आवाज, आणि बशीत पडणारे तपकिरी खडे. मी वर्षानुवर्षं अंगावर वागवलेलं ओझं ते. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

पण दमदारला? दोन दिवसांनी आरशात बघतो तर काय, दातांमध्ये फटी! जिभेने ढकलला तर डावा दात पहिल्यापेक्षा जास्त हलतोय. गार पाणी लागलं की कळ. मामा नेमका तेव्हाच आलेला. "बोंबला! साफ केले की दात ढिले होतात, माहीत नाही का तुला? मला विचारायचं तरी!"

आता काय सांगू या मामाला! फटी होत्याच, त्या कीटणाने भरलेल्या होत्या. सूज होती म्हणून मी मोठी दिसत होते, सूज उतरली आणि माझं खरं रूप दिसलं. दात आधीच हलत होते, कीटणाच्या भिंतीने ते एकमेकांना टेकलेले होते इतकंच. घाणीच्या आधाराने उभं राहण्यापेक्षा हललेलं बरं, असं मी तरी म्हणते. पण माझं ऐकतंय कोण? दमदारने पुढच्या खेपेची वेळच रद्द केली. "नको ती डॉक्टर. मामा म्हणतात तेच बरोबर. सगळे काढतो आणि मोकळा होतो."

तेव्हा बायको बोलली. हातातली इस्त्री तिने उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी किती वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपतेय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"तेच तर म्हणत होतो, तुला माझा कंटाळा..."

"कंटाळा नाही हो! वास येतो. तुमच्या तोंडाला वास येतो. मी सांगितलं नाही, म्हटलं वाईट वाटेल. गोळ्या ठेवत राहिले. आणि परवा, डॉक्टरकडून आलात त्या दिवशी, पहिल्यांदा वास कमी होता. मला रडू आलं. आणि तुम्ही म्हणताय जाणार नाही? मामांना काय विचारता? मामांचे दात जात होते तेव्हा मामींनी काय सोसलं, ते कुणी विचारलं होतं का?"

 मामा उठला, चप्पल घातली आणि निघून गेला. दमदार खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लाजेने, दुःखाने, दोन्हींनी. मी आतल्या आत म्हटलं, शाब्बास गं बाई! मी रक्त ओकून जे सांगू शकले नाही ते तू एका दमात सांगितलंस.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. बायको बरोबर होती.

पुढचं सगळं माझ्याच अंगावर झालं, आणि मी ते अभिमानाने सांगते. डॉक्टरीणबाईंनी मला बधिर केलं, कडेखाली उतरून मुळांवरचं कीटण खरवडलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा पुढे एका दिवशी मला चाकूने उघडलं, पुस्तकाचं पान उलटावं तसं बाजूला केलं, आत साफ केलं आणि टाके घातले. मी ते सगळं सोसलं. सोसलं म्हणजे मुकाट्याने नव्हे, लढत सोसलं. टाके निघाले तेव्हा मी दाताला पुन्हा घट्ट बिलगले होते. हलणाऱ्या दातांना मागच्या बाजूने बारीक तार बांधून एकमेकांचा आधार दिला. एवढी वर्षं दिमाख दाखवणारे हे दोघे, आता शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उभे!

दमदार शिकला. मऊ ब्रश, केस माझ्या कडेला तिरके टेकवून, हळूहळू. फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा एक इवलासा ब्रश. सुरुवातीला रक्त आलं आणि जुनी सवय जागी झाली, हात थबकला. मग त्याला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं, रक्त दिसलं की थांबायचं नाही, तिथे जास्त निगुतीने साफ करायचं. त्याने केलं. दोनेक आठवड्यांत रक्त थांबलं. सिगारेटसाठी मात्र तो तडफडला. जिन्यावर जायचा आणि नुसता उभा राहून परत यायचा. बायको आता शेजारच्या खुर्चीवर बसून जेवायची.

पण क्लॅरिनेट? डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वरच्या दातांवर पूर्वीसारखा दाब चालणार नाही. बँडमास्तरने मुदत वाढवून दिली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "जुने काही वादक वरचाही ओठ आत दुमडायचे. दात टेकवायचेच नाहीत. अवघड आहे. आवाज लहान येईल. बघ जमतंय का." दमदार बसला रियाजाला. पहिले दिवस नुसती हवा. मग बेडूक ओरडावा तसा आवाज. ओठ सोलवटला, गाल दुखले. "या वयात नव्याने शिकू?" असं एकदा तो चिडून ओरडला, आणि त्याच चिडीत पुन्हा वाद्य तोंडाला लावलं. मी वर बसून त्याला बळ देत होते. लाग रे बाबा, लाग! आता मी तुला सोडत नाही, तू मला सोडू नकोस.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी चौथऱ्यामागच्या खोलीत सगळा बँड जमला होता. गणवेश, पितळी बटणं, गडबड. दमदारने खिशातून ब्रश काढला आणि कोपऱ्यातल्या नळापाशी उभा राहिला. 

"अरे, काय करतोस?" मामा झांजा घेऊन धावत आला. "वाजवायच्या आधी? आजच्या दिवशी? डोकं फिरलंय का तुझं?"

"मामा, तुम्ही मला वाजवायला शिकवलंत. मी तुमच्या पायाशी बसलो. पण हे तुमचं चुकलं," दमदार म्हणाला.  आणि सगळ्यांच्या देखत त्याने दात घासले, माझ्या कडेकडेने, सावकाश. खळखळून चूळ भरली. रुमालाने ओठ कोरडे केले. ट्रंपेटवाला खाली बघून हसत होता. मामाचा चेहरा लालबुंद.

आणि मग तो तुकडा आला. बाकी बँड थांबला. एकटं क्लॅरिनेट. आवाज पूर्वीइतका मोठा नव्हता, खरं आहे. मागच्या बाकांवरचे लोक पुढे झुकले. सूर चढत गेला, वर, आणखी वर, आणि त्या उंच जागी जाऊन टेकला. थरथरला नाही. किंचाळला नाही. माझ्या अंगातून तो सूर वाहत होता आणि मी जागच्या जागी उभी होते, पाय रोवून. दमदारचा श्वास संपेपर्यंत तो सूर टिकला. मग टाळ्या. मी एवढंच म्हणते की त्या टाळ्यांतल्या निम्म्या माझ्या होत्या, आणि त्या मी कुणाला देणार नाही.

सगळं आवरल्यावर मामा आला. दमदारच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आज पत्ती चांगली लागली हो!"

पत्ती! मी म्हटलं, हद्द झाली या माणसाची!

पण बोलता बोलता मामाने तोंडातून कवळी काढली आणि कळ आल्यासारखं तोंड वाकडं केलं. दमदारच्या ते लक्षात आलं.

"दुखतंय का, मामा?"

"चालायचंच. टोचते कधीकधी."

"उद्या माझ्याबरोबर चला. डॉक्टरीणबाईंना दाखवू."

"मला?" मामा हसला. "अरे, माझ्या तोंडात एक दात उरलेला नाही. ती बाई बघणार काय?"

"हिरडी बघेल," दमदार म्हणाला.

मामाने कवळीकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं. "किती वाजता?" त्याने हळूच विचारलं.

तर अशी मी. बरी आहे, पण पूर्वीची नाही. मागे सरकलेय, दातांची मुळं थोडी उघडी पडलीत, तेवढी जागा आता मला परत मिळणार नाही. दर तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंची सळई माझी खोली मोजते. एक दिवस आळस केला तर चिकट थर पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो. येऊ दे. मी आहे.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. उद्या आरशात दात बघाल तेव्हा ओठ जरा वर उचला. तिथे माझी बहीण आहे. लाल असेल, सुजली असेल, ब्रश लागताच रक्त काढत असेल, तर ती नाजूक झालीय असं समजून तिला टाळू नका. वय झालं, नशीब, खानदानी दुखणं, असली कारणं तिच्यासमोर तर काढूच नका. ती तुमच्यासाठी भांडतेय. तुम्ही तिच्या बाजूने उभे राहणार की नाही, तेवढं सांगा.